परांचीवरून पडलेल्या भावासाठी सल्ला हवा (मुंबई)

सायली_विक्रोळी: माझा मावसभाऊ प्लास्टरचं काम करतो. मुलुंडला पुनर्विकासाच्या साइटवर परांचीची फळी सरकली आणि तो दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. कंबरेचं हाड मोडलंय, सायन हॉस्पिटलमध्ये आहे. मुकादम दहा हजार घेऊन आलाय, 'यापुढे काही मागणार नाही' असं लिहून मागतोय. बिल्डर म्हणतो, हा आमचा माणूसच नाही. शिवाय म्हणे, सेफ्टी बेल्ट लावला नाही म्हणून चूक त्याचीच! बेल्ट दिलाच नव्हता. वकील कुठे गाठू?

नाका_कार्यकर्ता: ताई, सही अजिबात नको. हक्क सोडल्याचा असा कागद कायद्यात टिकत नाही, पण तो दाखवून प्रकरण रखडवतात. बिल्डर स्वतःच्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेत असेल, तर भरपाईसाठी त्यालाही धरता येतं. त्याने मग ठेकेदाराकडून वसूल करावी. 1923 च्या भरपाई कायद्यात हे होतं, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कामगाराचा नुसता हलगर्जीपणा दाखवून भरपाई नाकारता येत नाही. दिलेलं सुरक्षेचं साधन जाणूनबुजून बाजूला टाकलं असेल तरच तो मुद्दा येतो. इथे तर दिलंच नव्हतं. औषधोपचाराचा खर्चही मालकाचाच, तो भरपाईच्या रकमेत धरायचा नाही, वेगळा मागायचा.

आजच्या आज एवढं करा: परांचीचे फोटो मिळवा, कारण अपघातानंतर ती लगेच उतरवतात. जोडीदारांचे नंबर घ्या, माणसं गावी निघून जातात. केसपेपरवर 'कामावर असताना परांचीवरून पडला' असंच लिहिलंय ना, ते स्वतः वाचून बघा. 'घरी पडला' असं सांगून दाखल करणारे मुकादम मी पाहिलेत. पोलिसांना जबाब द्या. मजुरीचा पुरावा म्हणून हजेरीच्या वहीचा फोटो किंवा फोनवर आलेले पैसे चालतील.

अ‍ॅड_दादरकर: दावा 2 वर्षांच्या आत करायचा, पण नोटीस लगेच द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, पात्र ठरलात तर वकील मोफत मिळतो. दाव्याची चौकशी बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) कामगार भवनात करा. बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी आहे का?

सायली_विक्रोळी: नोंदणी नाही. फळीचे फोटो जोडीदाराकडे आहेत, मागवते. नोटीस मराठीत चालेल?

नाका_कार्यकर्ता: चालते. तारीख, जागा, कसा पडला, कुठे लागलं, एवढं लिहा. बिल्डर आणि ठेकेदार दोघांना वेगवेगळी, स्पीड पोस्टाने. पावत्या जपा. मुकादम परत आला तर कागदाचा फोटो काढून इथे टाका, नावं झाकून.