शब्दचर्चा : 'नेटिव्ह ॲप'ला मराठीत काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल : डिप्लोमाच्या मुलांसाठी इलेक्ट्रॉनवर (वेबच्या भाषांत डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन) मराठीत टिपणं लिहितेय. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट त्यांना येतं. तेवढ्या भांडवलावर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारं डेस्कटॉप ॲप कसं करायचं, हा विषय. 'क्रॉस-प्लॅटफॉर्म'ला 'बहुमंचीय' लिहिलं तर वर्गाला नाट्यस्पर्धा वाटेल, पण ते निभावून नेता येईल. अडलंय ते 'नेटिव्ह'वर, म्हणजे त्या त्या सिस्टिमचंच, तिच्यासाठीच बनवलेलं. 'देशी', 'मूळ', 'स्थानिक' तिन्ही लिहून खोडले. तुम्ही काय वापरता?

रात्रपाळी : 'देशी' तर अजिबात नको, मुलं भलत्याच दुकानात पोचतील. आमच्या टीममध्ये सगळे सरळ 'नेटिव्ह'च म्हणतात.

जुना संकलक : बोलताना चालतं हो, टिपणात पहिल्यांदा आला की समजावून सांगावाच लागतो. 'स्थानिक' हा लोकल फाइल, लोकल सर्व्हर यांनी आधीच अडवून ठेवलाय. 'मूळ' म्हटलं की सोर्स कोड डोळ्यांसमोर येतो.

माझ्या मते इथे एका शब्दाचा हट्टच सोडावा. इलेक्ट्रॉनमधलं ॲप घ्या. फाइल उघडायची चौकट, कोपऱ्यात येणारी सूचना, मॅकवर स्क्रीनच्या माथ्यावरचा मेनू, हे सगळं त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमचं. खिडकीच्या आत मात्र निव्वळ वेबपान, आणि ते रंगवतं क्रोमियम, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या आतलं इंजिन. डिस्कवरच्या फाइली वाचायचं-लिहायचं काम नोडकडे, जे जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवतं. आता हे ॲप नेटिव्ह की नाही? अर्धं आहे, अर्धं नाही. म्हणून विशेषण अख्ख्या ॲपला न लावता ज्या भागाबद्दल बोलताय त्याला लावा : 'सिस्टिमची स्वतःची चौकट', 'सिस्टिमची स्वतःची बटणं'. 'नेटिव्ह कोड' असेल तिथे 'थेट प्रोसेसरसाठी संकलित केलेला कोड'. लांब आहे, पण पोरगं चुकत नाही.

विजाणू : संकलकरावांशी सहमत, पण त्यातून एक फरक निसटतो. ब्राउझरचं इंजिन आलं कुठून? इलेक्ट्रॉन ते बरोबर घेऊन फिरतो. म्हणून रिकामी खिडकी दाखवणारं ॲपसुद्धा डिस्कवर शंभर एमबीच्या पुढे जातं, आणि अशी चार ॲप्स म्हणजे क्रोमियमच्या चार प्रती. टाउरी हे अशाच कामाचं दुसरं साधन, तो उलट करतो. विंडोजवर वेबव्ह्यू२, मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू, लिनक्सवर वेबकिटजीटीके, असं यंत्रावर असेल ते इंजिन वापरतो. त्याची १.० आवृत्ती जून २०२२ मध्ये आली, आतला कणा रस्ट या भाषेतला. पॅकेज खूपच लहान होतं. मात्र तिन्हीकडे इंजिन वेगळं, त्यामुळे एकच सीएसएस तीन ठिकाणी तपासावं लागतं. मी पहिल्याला 'शिदोरीवालं' आणि दुसऱ्याला 'खानावळीवालं' म्हणते.

नावाबद्दल जाता जाता : गिटहब कंपनीने आपल्या ॲटम या कोड लिहायच्या एडिटरसाठी इलेक्ट्रॉन २०१३ मध्ये बांधायला घेतलं तेव्हा नाव होतं ॲटम शेल. २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन झालं. शाळेच्या पुस्तकात शेलला 'कवच' म्हणतात, म्हणजे अणूच्या कवचातून इलेक्ट्रॉन निघाला. गंमत म्हणजे अणू गेला आणि इलेक्ट्रॉन राहिला : ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला, व्हीएस कोड हा दुसरा एडिटर मात्र इलेक्ट्रॉनवरच चालतो.

रात्रपाळी : शिदोरी-खानावळ वर्गात मस्त. परीक्षेत लिहिलं तर मार्क कापतील.

जुना संकलक : मग टिपणात 'अंतर्भूत इंजिन' आणि 'सिस्टिमचं इंजिन' लिहा. 'मेन प्रोसेस', 'रेंडरर', 'प्रीलोड' या इलेक्ट्रॉनमधल्या भागांच्या नावांना मात्र हात लावू नका. 'मुख्य प्रक्रिया' वाचून मुलगा कोडमध्ये शोधायला गेला तर त्याला काय सापडणार?

विजाणू : 'रेंडरर'चा अर्थ तरी सांगायला हवा. नाहीतर मुलं त्याला ग्राफिक्सचं काहीतरी समजतात आणि खिडकीतल्या पानातूनच थेट फाइली उघडायला जातात. ते दार २०१९ च्या पाचव्या आवृत्तीपासून मुळात बंदच असतं, आणि जुने व्हिडिओ बघून मुलं ते पहिल्याच तासाला उघडतात. 'खिडकीतलं पान चालवणारी प्रोसेस' एवढं पुरे.

पाटीपेन्सिल : हे फार कामाचं. आता 'क्रॉस-प्लॅटफॉर्म'चं सांगा. 'सर्वत्र एकसारखं चालणारं' चालेल?

रात्रपाळी : 'एकसारखं' काढा! मॅकवर शेवटची खिडकी बंद केली तरी ॲप चालू राहतं, विंडोजवर लोकांना ते बंद झालेलं हवं असतं. इलेक्ट्रॉनच्या सुरुवातीच्या उदाहरणातच त्यासाठी वेगळी अट लिहिलेली असते. शॉर्टकट द्यायला 'कमांडऑरकंट्रोल' असा जोडशब्द लागतो, मॅकवर कमांड आणि बाकीकडे कंट्रोल. मॅकसाठीचं डिजिटल सही केलेलं पॅकेज करायला बहुधा मॅकच हाताशी लागतो. 'एकाच कोडवर अनेक सिस्टिम्सवर चालणारं' म्हणा, त्यात 'एकसारखं'चं वचन नाही.

विजाणू : आणि अक्षरं! क्रोमियम जोडाक्षरं तिन्हीकडे एकाच पद्धतीने जुळवतं, पण फॉन्ट तुम्ही दिला नाहीत तर यंत्रावर असेल तो उचलतं. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये सांगा, आणि ज्या फॉन्टमध्ये ती रूपं आहेत तो ॲपबरोबर द्या.

पाटीपेन्सिल : पहिलं वाक्य असं केलंय : 'इलेक्ट्रॉन वापरून वेबच्या भाषांत लिहिलेलं, एकाच कोडवर अनेक सिस्टिम्सवर चालणारं आणि ब्राउझरचं इंजिन अंतर्भूत असलेलं डेस्कटॉप ॲप करता येतं.' फार ओढून ताणून वाटतंय का?

जुना संकलक : दोन वाक्यं करा. इंजिन दुसऱ्यात.