निकॉन डी५३०० कॅमेऱ्यासाठी जुनी प्राइम (झूम नसलेली लेन्स) आणि फिशआय (गोलाकार वाकवून खूप रुंद दाखवणारी लेन्स) : हेलिओस चालंल का?

परभणीकर :
निकॉन डी५३०० आहे, सोबत १८-५५ झूम लेन्स. घरातल्या लेकरांचे फोटो अन् वेरूळचं १० नंबरचं लेणं, दोन्ही काढायचंय. बजेट १५ हजार, जुन्याच घेणार. हेलिओस ४४-२ ही जुनी रशियन लेन्स लई स्वस्तात दिसतीय. ५०/१.८ डी पण एक जण देतोय. फिशआय झेनिटार १६ घ्यावी की सॅमयांग ८?

गोदाकाठ :
हेलिओस सोडा भाऊ. ती एम४२ (जुन्या आट्यांच्या माउंटची) आहे; अशा लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, निकॉनचं माउंटच ४६.५ वर आहे. साध्या अ‍ॅडाप्टरवर फार तर तीन मीटरपर्यंत फोकस लागंल, पुढचं सगळं धूसर. काचवालं अ‍ॅडाप्टर ते दुरुस्त करतं, पण एफ/२ ला, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडं असताना, चित्र पांढुरकं पडतं. कॅननवाल्यांना (४४ मिमी) ही कटकट नाही.

५०/१.८ डी बसंल, पण तुमच्या बॉडीत फोकस मोटर नाही. हातानं फिरवायचं, व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका स्थिर झाला की क्लिक. अ‍ॅपर्चर रिंग २२ वर लॉक ठेवा, नाहीतर स्क्रीनवर ‘एफईई’ ही चूक येतं अन् शटर पडत नाही. पळत्या लेकरांमागं हा उद्योग कशाला? एएफ-एस ३५/१.८ जी डीएक्स शोधा, मोटर लेन्समध्येच आहे.

कातळ :
झेनिटार फुल फ्रेमसाठी चांगली. तुमच्यासारख्या १.५ क्रॉपवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) कडा कापल्या जातात. वाकडेपणा उरतो, आवाका जातो. सॅमयांग ८/३.५ क्रॉपसाठीच आहे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८० अंश. एफ/८ ला (छिद्र लहान) फोकस अर्ध्या मीटरवर ठेवलं की पाव मीटरपासून पुढं सगळं स्पष्ट. मात्र रिंगवरच्या आकड्यांवर विसंबू नका, एकदा लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) मोठं करून ताडून घ्या.

लेण्यात बरोबर मधल्या रेषेवर उभं राहा, कॅमेरा समतल. जरा वर उचलला की दोन्हीकडचे खांब आत कलतात. छताच्या दगडी फासळ्या तशाही कमानदार, त्यांना फिशआय शोभते. स्वतःचे पाय तेवढे सांभाळा, हमखास येतात! सरळ रेषा हव्या असतील तर नंतर फोटो सरळ करायला ह्यूगिन हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

लातूरचा उंट :
घेताना मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, नको म्हणा. मग अ‍ॅपर्चरची पाती बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. ५० डी असंल तर मागची छोटी दांडी नखानं ओढून सोडा. पाती सुस्तपणे मिटली तर एफ/८ चे फोटो जास्तच उजळ येणार. मे महिन्यात गाडीत लेन्स ठेवणं बंद.

परभणीकर :
मग ३५ जी बघतो. सॅमयांगला कॅमेऱ्याशी बोलणारी चिप असते म्हणं, कशी ओळखायची?

कातळ :
मागं माउंटच्या आत सोनेरी टोकांची ओळ दिसली की चिप आहे. नसली तर तुमच्या बॉडीत मीटर (उजेड मोजणं) चालत नाही, एम (मॅन्युअल) मोडवर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघत काढावं लागंल. आणि चिपवालीचीही रिंग २२ वर बरं का.