पंप सुरू होतानाच्या करंटचा आलेख संगणकावर घ्यायचा आहे : मदत हवी

नमस्कार,

आमचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा सिंगल फेज पंप चालू केल्यावर कधीकधी नुसताच घुमतो आणि उशिरा वेग पकडतो. कॅपॅसिटर नवीन बसवूनही फरक पडला नाही, त्यामुळे आता सेंट्रीफ्युगल स्विचवर संशय आहे. मोटर साधारण पाऊण वेगाला पोहोचली की हा स्विच स्टार्टिंग वाइंडिंग तोडतो आणि करंट एकदम उतरतो. तो क्षण मला आलेखावर पाहायचा आहे. क्लॅम्प मीटरवर आकडा दिसतो, पण तो कसा चढला-उतरला हे समजत नाही.

त्यासाठी आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला एसीएस७१२ या करंट मोजणाऱ्या सेन्सरचे ३० अँपिअरचे मॉड्यूल जोडले आहे. हे मॉड्यूल अँपिअरमागे ६६ मिलिव्होल्ट देते आणि उनोचा एडीसी (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारा भाग) १० बिटांचा असल्यामुळे एका पायरीला सुमारे ७४ मिलिअँपिअर पडतात, जे या कामाला पुरेसे आहे. (मेन्सची जोडणी बंद डब्यात आहे आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवतो, त्यामुळे त्याबद्दल काळजी नसावी.)

अडचण संगणकाच्या बाजूला आहे. ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात २० बिंदू मिळावेत म्हणून सेकंदाला १००० वाचने ११५२०० बॉडने (म्हणजे सेकंदाला तितके बिट) पाठवतो. आर्डुइनोच्या सिरियल प्लॉटरमध्ये आलेख झरझर सरकून जातो आणि काहीच साठवले जात नाही. म्हणून पायथॉनमध्ये पायसिरियल (पोर्ट वाचण्यासाठी) आणि मॅटप्लॉटलिब (आलेख काढण्यासाठी) या लायब्ररी वापरून पाहिल्या. तिथे प्रत्येक ओळीमागे आख्खा आलेख नव्याने काढला जात असल्यामुळे चित्र मागे पडत जाते, इतके की पंप बंद केल्यानंतरही आलेखात तो बराच वेळ चालूच दिसतो, आणि मधल्या काही ओळी तुटक येतात.

प्रत्येक वाचनासोबत मायक्रोसेकंदांतली वेळ पाठवावी, तर एक ओळ १७ बाइटपर्यंत जाते. एका बाइटमागे १० बिट लागत असल्यामुळे ११५२०० बॉडवर सेकंदाला जेमतेम ११५२० बाइट जातात, म्हणजे हिशेब बसत नाही. शिवाय उनोचा ६४ बाइटचा बफर भरला की प्रिंटची आज्ञा थांबून राहते आणि वाचनांमधले अंतरच बिघडते. सगळे आधी उनोमध्येच साठवावे, तर २ किलोबाइट रॅममध्ये दोन बाइटांची १००० वाचनेही धड मावत नाहीत. तेव्हा साठवण्याचे काम संगणकानेच करावे लागणार.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. पोर्ट वाचण्यासाठी वेगळा थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग) ठेवून, रांगेतून माहिती घेऊन पायक्यूटीग्राफ या आलेखाच्या लायब्ररीने सेकंदाला २०-२५ वेळाच आलेख रंगवला, तर साध्या लॅपटॉपवर हा वेग निभतो का? की सिरियलप्लॉट हे तयार सॉफ्टवेअर वापरणे शहाणपणाचे? त्यात बायनरी फ्रेम (अक्षरांऐवजी थेट बाइटांत पाठवलेली माहिती) वाचता येते आणि सीएसव्ही नोंदही होते, परंतु मला करंट ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच नोंद सुरू व्हायला हवी आहे, आणि त्यात आधीचा अर्धा सेकंदही यायला हवा. अशी सोय कोणी करून पाहिली आहे का? वेळेचा शिक्का न पाठवता टायमर इंटरप्टवर (ठरावीक अंतराने वाचन घ्यायला लावणारी उनोतली सोय) विसंबून नुसता क्रमांक पाठवला, तर गळालेली वाचने ओळखायला एक बाइटचा क्रमांक पुरेल का, हेही कळवावे. बॉड रेट ५००००० करायला माझी हरकत नाही. उनोच्या १६ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर तो नेमका बसतो.

पंप शेतावर आहे आणि तिथे इंटरनेट मिळत नाही, त्यामुळे ऑनलाइन डॅशबोर्डचे पर्याय कृपया सुचवू नयेत. कोणाकडे पायथॉनचा चालू स्थितीतला नमुना असल्यास इथे दिलात तर आभारी राहीन.