प्रति: पद्मिनी टू-डोअर करायची आहे
मागचे दरवाजे वेल्ड करून हँडलच्या जागी पुटी भरली की चार दारांची प्रीमियर पद्मिनी कार टू-डोअर, म्हणजे दोन दारांची झाली, हे वरच्या एका उत्तरातलं म्हणणं पटलं नाही. दिसेल तशी, पण मागे बसणार कसं? फोर-डोअरचा पुढचा दरवाजा आखूड असतो. सीट पुढे कलती केली तरी त्यातून आत शिरणं अवघडच. खरं काम म्हणजे पुढच्या-मागच्या दरवाजांमधला खांब मागे नेणं आणि दरवाजा लांब करणं. पद्मिनीला वेगळी चासी (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून खांब कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत तिरपे पाइप वेल्ड करायलाच हवेत, नाहीतर गाडी मधोमध खचते आणि मग दरवाजा कितीही ठोका, बसत नाही. लांब दरवाजाच्या वाढलेल्या वजनाला बिजागऱ्याही दणकट लागतात. दरवाजाची टफन्ड (तापवून कडक केलेली) काच तर कापताच येत नाही, नव्या मापाची करून घ्यावी लागते.

कागदपत्रांबद्दल इथे कुणीच बोललं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहा: कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. ग्राइंडर उचलण्याआधी आरटीओत विचारा. आणि न सडलेली, धडधाकट पद्मिनी असेल तर कृपा करून कापूच नका.