मदत हवी आहे: पावणेचार कोटी नोंदी झाल्या, मायएसक्यूएल सोडून मोंगोडीबीवर जावं का?

नमस्कार मंडळी,

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध डेअरीचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. 140 संकलन केंद्रं, केंद्रामागे सरासरी 90 उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दूध. रोजच्या 25,200 नोंदी, वर्षाच्या सुमारे 92 लाख. चार वर्षांचं सगळं मायएसक्यूएल या रिलेशनल (म्हणजे एकमेकांना जोडलेल्या टेबलांच्या) डेटाबेसच्या एकाच टेबलात आहे. शिवाय 40 बल्क कूलरना (दूध थंड ठेवायच्या टाक्यांना) तापमानाचे सेन्सर बसवलेत, ते दर मिनिटाला एक आकडा पाठवतात. त्याचे वर्षाला आणखी दोन कोटी दहा लाख.

अडचण दर दहा दिवसांनी येते. बिलाची क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा) पूर्वी दोन मिनिटांत व्हायची, आता पस्तीस मिनिटं घेते. त्याच वेळी सकाळचं संकलन चालू असलं तर केंद्रावर पावती निघत नाही. मागच्या बिलाला मी मुद्दाम एका केंद्रावर जाऊन उभी राहिले. काट्यावर 6.4 लिटर, मशीनवर फॅट 4.1 आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) 8.6 आलेलं दिसतंय, पण स्क्रीन जागेवरून हलत नाही आणि मागे किटल्या घेऊन रांग. एक आजी वीस मिनिटं थांबल्या आणि मजुरीची गाडी चुकेल म्हणून पावतीविना गेल्या. केंद्रचालकानं त्यांच्या वहीत हातानं आकडा लिहून दिला. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

बाहेरून आलेल्या सल्लागारांचं म्हणणं असं, की डेटा एवढा झाला की रिलेशनल डेटाबेस पुरा पडत नाही, मोंगोडीबीवर चला. मोंगोत टेबलातल्या ओळींऐवजी डॉक्युमेंट असतात; प्रत्येक केंद्राचा एक डॉक्युमेंट आणि त्याच्या पोटात रोजच्या नोंदी, अशी त्यांची रचना आहे. त्यातली एक गोष्ट मला पटते. जुन्या मशीनी फक्त फॅट देतात, नव्या प्रोटीन आणि मिसळलेलं पाणीसुद्धा सांगतात. नवीन मशीन आलं की एवढ्या मोठ्या टेबलात कॉलम वाढवायचा म्हणजे रात्र जाते.

भीती पैशांची आहे. बिल चढतं तेव्हा पशुखाद्याची उचल वजा होते आणि बँकेची यादी तयार होते. तिन्ही एकदम व्हायला हवं, नाहीतर एकही नको. यात मोंगोवर विसंबता येईल का? आणि आमचा डेटा खरंच 'मोठा' आहे का? ज्यांनी असं स्थलांतर केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद 1

ताई, आधी हिशोब करू. सकाळच्या 12,600 नोंदी दोन तासांत आल्या तरी सेकंदाला दोन होत नाहीत. कूलरच्या मिनिटाला 40. लिहिण्याचा हा भार साधा सर्व्हरही सहज पेलतो. अडतंय ते वाचताना. बिलाची क्वेरी एक्सप्लेन (डेटाबेस ती कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) लावून चालवा आणि काय येतं ते इथे टाका. इनोडीबीचा (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) बफर पूल, म्हणजे डेटा हाताशी ठेवायची रॅममधली जागा, किती ठेवलाय तेही बघा.

धागाकर्ती

बघितलं. एक्सप्लेनमध्ये टाइप 'ऑल', म्हणजे अख्खं टेबल वाचलं जातंय, आणि वाचायच्या ओळी ('rows') 3 कोटी 68 लाखांच्या आसपास. संकलनाच्या वेळेच्या कॉलमवर इंडेक्स (नोंद पटकन शोधायची सूची) आहे, पण तो वापरलेला दिसत नाही. क्वेरीत त्या कॉलमला डेट फंक्शन लावून तारखा तपासल्यात. बफर पूल 128 एमबी. सर्व्हरला रॅम 32 जीबी आहे.

प्रतिसाद 1

दोन्ही कारणं सापडली. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं की साधा इंडेक्स निरुपयोगी होतो, प्रत्येक ओळ काढून तिची तारीख तपासावी लागते. दहा दिवसांच्या अडीच लाख नोंदींसाठी तुम्ही पावणेचार कोटी वाचताय. कॉलमला फंक्शन लावू नका: वेळ 1 तारखेच्या मध्यरात्रीपासून पुढे आणि 11 तारखेच्या मध्यरात्रीच्या आधी, असं लिहा.

128 एमबी हा इन्स्टॉल करतानाच आलेला आकडा आहे, कुणी तो बदललाच नाही. तुमचं टेबल इंडेक्ससकट आठ-दहा जीबीचं असेल. एवढं सगळं डिस्कवरून ओढताना पावतीच्या नोंदीला डिस्क मिळत नाही. सर्व्हरवर दुसरं काही नसेल तर पूल 20 जीबी करा.

प्रतिसाद 2

मी कॅसँड्रा (अनेक सर्व्हरवर पसरणारा डेटाबेस) आणि मोंगो दोन्हींवर कामं केली आहेत, मला दोन्ही आवडतात. पण कॅसँड्रासारखे डेटाबेस ज्या कल्पनांवर उभे आहेत त्या कशासाठी जन्मल्या ते बघा. गूगलनं 2006 मध्ये बिगटेबलचा आणि ॲमेझॉननं 2007 मध्ये डायनॅमोचा शोधनिबंध मांडला, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न एका मशीनमध्ये न मावणाऱ्या डेटाचा आणि कधीच बंद न पडण्याचा होता. डायनॅमोचं ठळक उदाहरण खरेदीच्या कार्टचं. वस्तू टाकण्याची नोंद कधीच नाकारायची नाही, वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या प्रती जुळल्या नाहीत तर मागाहून एकत्र करायच्या. त्यात काढून टाकलेली वस्तू कधीतरी कार्टमध्ये परत दिसू शकते, हे त्या निबंधातच लिहिलंय. कार्टमध्ये ते चालून जातं. फेडलेली उचल पुढच्या बिलात परत दिसली तर उत्पादक डेअरीच्या दारात येईल, आणि ते रास्तच आहे.

मोंगोचं तसं नाही. 2018 च्या 4.0 पासून त्यात अनेक डॉक्युमेंटांचे ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकदम, नाहीतर एकही नाही) आहेत, म्हणजे बिलाचं काम जमेल. पण सल्लागारांची रचना मला मान्य नाही. डॉक्युमेंटची मर्यादा 16 एमबी आहे. केंद्राच्या रोजच्या 180 नोंदी, एकीला 200 बाइट धरले तर दिवसाला 36 केबी. सव्वा वर्षात डॉक्युमेंट भरतो, आणि तोवर त्यातली एक नोंद घालायलाही तो सगळा हलवावा लागतो. नोंदीगणिक वेगळा डॉक्युमेंट हवा. मग उत्पादकाचं नाव, खातं, दरपत्रक यांना जोडायला तुम्ही पुन्हा जॉइनच (रिलेशनल डेटाबेसमधली टेबलं जोडायची सोय) शोधाल.

मशीनीच्या वेगवेगळ्या रकान्यांसाठी मायएसक्यूएलमध्ये 5.7 पासून जेसन कॉलम आहे, त्यात प्रत्येक ओळीत वेगवेगळे रकाने ठेवता येतात. लिटर, फॅट, एसएनएफ, दर हे पक्के कॉलम ठेवा, बाकीचं त्यात टाका. कूलरचं तापमान मात्र खुशाल वेगळ्या डेटाबेसात न्या, त्याला कशाशी जोडायचं नसतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल चाचणीच्या सर्व्हरवर पूल वाढवला, क्वेरी बदलली. बिल 11 सेकंदांत निघालं. मला खरं वाटेना, म्हणून जुन्या बिलाशी 30 उत्पादकांचे आकडे एकेक करून ताडून पाहिले. पैशापर्यंत जुळले. येत्या बिलाच्या सकाळी पुन्हा त्याच केंद्रावर जाणार आहे.

तापमानाचं टेबल तूर्त मायएसक्यूएलमध्येच ठेवून पार्टिशन करावं (तारखेप्रमाणे तुकडे पाडावेत) म्हणते, म्हणजे जुना डेटा पार्टिशनसकट काढता येईल. पार्टिशन केलं की फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी पक्की जोडणी) चालत नाही आणि प्रायमरी कीमध्ये (ओळीच्या ओळखीत) तारीख घ्यावी लागते, एवढं वाचलंय. मिनिटाला 40 नोंदींसाठी पार्टिशन महिन्याचं ठेवू की आठवड्याचं?