मॉरिशसची ढोलपुरी आणि अलुदा : खापर चालेल का, डाळ किती शिजवायची?

चोपडेकर
राम राम मंडळी. आमच्या बचत गटाचा मे महिन्यात मॉरिशसच्या पदार्थांचा स्टॉल आहे. ढोलपुरी (डाळीचं कोरडं सारण भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी), सोबत ग्रो प्वाची भाजी, टोमॅटोची रुगाय आणि प्यायला अलुदा (जेली-सब्जा घातलेलं थंड दूध). पुरणपोळीचा हात सगळ्यांचा बसलेला आहे, खापरावर (पालथ्या मातीच्या भांड्यावर) मांडेही होतात. डाळ पुरणाइतकी मऊ शिजवायची का? खापर चालेल का? सकाळच्या पुऱ्या दुपारपर्यंत मऊ राहतात का? ग्रो प्वा म्हणून इथे काय घ्यायचं? आणि 44 अंशांत अलुद्यातली जेली टिकेल का? 36 पुऱ्यांचं माप हवं आहे.

खापरवाली ताई
डाळ पुरणाइतकी शिजवली की सगळं तिथेच बिघडतं. पुरण ओलं असतं आणि गुळाने बांधलं जातं. ढोलपुरीचं सारण कोरडं, भुरभुरीत हवं.

अर्धा किलो हरभरा डाळ 4 तास भिजवा. (तिकडे पिवळ्या वाटाण्याची डाळही वापरतात.) कुकर नको. उघड्या पातेल्यात भरपूर पाणी आणि चमचाभर हळद घालून शिजवा. वीस मिनिटांपासून दाणा बोटात धरून बघत राहा : सहज तुटला पाहिजे, पण लगदा होता कामा नये. चाळणीत उपसा आणि कट जपून ठेवा. डाळ ताटात पसरून पूर्ण गार करा, कारण कोमट डाळ वाटली तर वाफेने तिचा गोळाच होतो. मग 2 चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ घालून मिक्सर थांबत थांबत फिरवा. मुठीत दाबलं की वळावं, बोटाने टोचलं की सुटं व्हावं. शेवटी चाळून घ्या. वर उरलेली कणी पुन्हा वाटा, लाटताना पुरी फाडते ती हीच.

पिठाला 1 किलो मैदा, 80 मिली तेल, 2 चमचे मीठ आणि 550 ते 600 मिली कोमट कट. नुसत्या पाण्यात भिजवलं तर रंगही फिका आणि चवही. पीठ पुरणपोळीइतकं सैल ठेवा, मांड्याइतकं नको. पाऊण तास झाकून ठेवा. 45 ग्रॅमची लाटी, त्यात 25 ग्रॅम सारण, तोंड घट्ट बंद. भरलेल्या लाट्या 10 मिनिटं मुरू द्या, मग मैद्यावर कडेकडेने लाटा. मधे जोर दिला की सारण बाहेर येतं.

खापर मात्र नको. मांडा हातावर फिरवून वाढवता येतो कारण ओलं पुरण पिठाला धरून राहतं. हे कोरडं सारण हातावर घेतलं की एका अंगाला सरकेल. पोळपाट-लाटणं आणि लोखंडी तवाच घ्या.

गिरणाकाठ
ताईंनी तव्याच्या आचेचं लिहिलं नाही, आणि पुऱ्या कडक होतात त्या तिथेच. तवा चांगला तापलेला हवा, वर तेलाचा हात, एका बाजूला जेमतेम अर्धं मिनिट. पुरी पिवळीच राहिली पाहिजे, पोळीसारखे तपकिरी डाग पडेपर्यंत ठेवायची नाही. मंद आचेवर ती भाजत नाही, वाळते. उतरवली की लगेच सुती कापडात एकावर एक रचा आणि डबा झाका, त्याच वाफेने त्या मऊ होतात. सकाळी केलेल्या दुपारपर्यंत छान राहतात. मैद्याऐवजी अर्धी कणीक घेतलीत तर कट थोडा वाढवा, पण पुरी तितकी पातळ लाटली जाणार नाही. सारण आदल्या रात्री केलंत तर फ्रिजमध्येच ठेवा, मे महिन्यात शिजलेली डाळ रात्रीत आंबते.

डाळवाले भाऊ
ग्रो प्वा म्हणजे आपल्या किराण्यातली डबल बी. 400 ग्रॅम रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. अर्धवट शिजलेली डबल बी पोटाला बाधते. फोडणीत कांदा, आलं-लसूण, कढीपत्ता, थाईम (एक सुगंधी पाला). मग धणे, जिरे, मेथी, हळद यांची पूड आणि टोमॅटो. थोडे दाणे पळीने ठेचा म्हणजे रस दाटतो. काळा मसाला आणि भाजलेलं खोबरं घालायचा मोह इथे आवरा, नाहीतर ती आपल्या रश्श्याचीच चव होईल. रुगाय म्हणजे टोमॅटो, कांदा, आलं, लसूण, मिरची, थाईम, वरून कोथिंबीर. त्यात हळद नाही. टोमॅटोचं पाणी आटेपर्यंत शिजवा, पातळ राहिली तर पुरी भिजून फाटते. वाढताना दोन पुऱ्या एकावर एक, भाजी-रुगाय मधे, वर कोथिंबिरीची चटणी, आणि गुंडाळी करून कागदात.

चोपडेकर
थाईम इथे मिळाली नाही तर?

डाळवाले भाऊ
चिमूटभर ओवा चुरडून घाला. दोन्हींत थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं, वास जवळ जातो. चिमटीपेक्षा जास्त घातला तर भाजी कडवट होईल.

तापीकाठ
जेली चायना ग्रासचीच करा, उन्हाचा प्रश्न येत नाही. ती 40 अंशांच्या खाली घट्ट होते, पण एकदा जमली की वितळायला 85 अंशांच्या आसपास तापमान लागतं. जिलेटिन मात्र मे महिन्यात पाणी होईल. अर्धा लिटर पाण्यात 5 ग्रॅम पूड आधी 2-3 मिनिटं खळखळ उकळा, पूर्ण विरघळल्यावरच साखर घाला. जमली की किसणीवर किसा, सुरीने तुकडे नकोत. 2 लिटर दूध उकळून थंडगार करा, 200 ग्रॅम साखर, व्हॅनिला, हवं तर गुलाबाचं सरबत. 4 चमचे सब्जा 2 वाट्या पाण्यात वेगळा भिजवा. थेट दुधात टाकला तर गुठळ्या होतात. अलुद्यात शेवया नसतात, फालुद्याच्या सवयीने घालू नका. जेली आणि सब्जा वेगवेगळे ठेवून पेल्यात ऐनवेळी मिसळा, दुधाचं भांडं बर्फात बुडवून ठेवा. दुधातच बर्फ टाकलात तर तासाभरात पातळ पाणीच विकावं लागेल.