वरच्या जबड्याचे हाड झिजले असले तरी

वरच्या दाढांच्या जागी हाड उरले नसल्याने इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाताला आधार देणारा हाडात रोवायचा खुंट, बसवताच येणार नाही, असे आपल्या आईंना सांगितल्याचे आपण लिहिले आहे. त्यात थोडी भर घालतो. दाढ काढल्यावर तिथले हाड खालून झिजते आणि वरून नाकाशेजारची हवेची पोकळी, म्हणजे सायनस, खाली पसरते, त्यामुळे काही वर्षांनी दोहोंमध्ये कधीकधी जेमतेम ३-४ मिलिमीटर हाड राहते. अशा वेळी सायनसचे नाजूक अस्तर न फाटू देता अलगद वर उचलून त्याखाली हाडाची भुकटी भरतात. बॉइन आणि जेम्स या मुखशल्यविशारदांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आता रुळलेली आहे. भरलेले हाड पक्के होण्यास बहुधा सहा ते नऊ महिने लागतात, आणि तेवढा धीर धरणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हाड ६-७ मिलिमीटर असेल तर आखूड इम्प्लांटही पुरू शकतो. गालाच्या हाडात रोवायचे लांब झायगोमॅटिक इम्प्लांट हा शेवटचा पर्याय असून ते काम अनुभवी शल्यविशारदाकडेच सोपवावे. मात्र साध्या एक्स-रेमध्ये हाडाची रुंदी दिसत नाही, म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याची त्रिमितीय प्रतिमा देणारा, स्कॅन झालेला नसेल तर आधी तो करून घ्यावा आणि मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणावी, अशी कळकळीची विनंती आहे.